डबा टीट-टीट करतोय, काय करू?

पत्र :

नमस्कार. मी सांगलीत राहते, बँकेतून चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. २०१५ च्या दसऱ्याला मुलाने घरी एक नॅस बसवून दिला, म्हणजे घरच्या नेटवर्कवर सगळ्यांनी वापरायचं फाइलींचं कपाट. दोन कप्पे, प्रत्येकात ३ टीबीची डिस्क. आम्ही त्याला 'डबा' म्हणतो. घरचे सगळे फोटो त्यात आहेत. माझ्या सासऱ्यांच्या भजनांच्या कॅसेट होत्या, त्या मी दोन वर्षं बसून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, त्याही त्यातच आहेत. २०१९ च्या पुरात कपडे राहू दिले, पण डबा कवटाळून वर गच्चीवर नेला होता. मुलगा आता जर्मनीत असतो. तिथून फोटो बघता यावेत म्हणून त्याने राउटरमध्ये काहीतरी उघडून ठेवलंय. गेल्या महिन्यापासून डबा टीट-टीट करतो, केशरी दिवा लागतो, घरघरही वाढलीय. फोनवर फोटो उघडायला फार वेळ लागतो आणि मुलीच्या नव्या लॅपटॉपवर डबा दिसतच नाही. दुकानदार म्हणतो, दोन्ही डिस्क बदलू आणि रॅम वाढवू. मुलगा म्हणतो, चार कप्प्यांचा नवा घे. यजमान म्हणतात, हे सगळं बंद कर आणि गूगलवर टाक. स्क्रीनचे फोटो सोबत पाठवतेय. कुणाचं ऐकू?

ता. क. दर खंडेनवमीला मी डब्याला हळद-कुंकू लावते. त्याने काही बिघडत नाही ना?

– एक वाचक, सांगली

उत्तर :

ताई, नमस्कार.

पत्र वाचताना मी टीट-टीटवर थांबलो नाही. थांबलो ते 'राउटरमध्ये काहीतरी उघडून ठेवलंय' या ओळीवर. तेव्हा डिस्क, रॅम, नवा डबा हे सगळं घटकाभर बाजूला ठेवू. आज मुलाचा फोन येईल तेव्हा त्याला एवढंच सांगा : राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट डब्यापर्यंत यायची वाट, बंद कर. तुमच्या कॉम्प्युटरची स्क्रीन बघत तो ते पाच मिनिटांत करून देईल. चार-सहा आठवडे त्याला घरचे फोटो व्हॉट्सॲपवर बघावे लागतील, बघू दे.

एवढी घाई का, ते तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत आहे. डब्याच्या सॉफ्टवेअरला शेवटचं अपडेट २०२३ मध्ये मिळालं आणि या मॉडेलसाठी पुढची आवृत्ती नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. कंपनीला मी बोल लावणार नाही, आठ वर्षं सांभाळलं हे काही कमी नाही. पण त्यानंतर त्या सॉफ्टवेअरमध्ये जी भोकं सापडली असतील ती कुणी बुजवलेली नाहीत, आणि अशा डब्याचं दार तुमच्या राउटरने थेट रस्त्यावर उघडून ठेवलंय.

ही उगाच घातलेली भीती नाही. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलचा 'माय बुक लाइव्ह' वापरणाऱ्या जगभरच्या लोकांनी आपापला डबा उघडून पाहिला, तर आत काहीच नाही. इंटरनेटवरून कुणीतरी त्या डब्यांना 'फॅक्टरी रीसेट', म्हणजे सगळं पुसून कोरं, करायला लावलं होतं. त्या डब्यांना शेवटचं अपडेट २०१५ मध्ये मिळालं होतं. डिस्क ठणठणीत होत्या, पंखा फिरत होता, दिवे हिरवे होते आणि आत शुकशुकाट. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्यूनॅप कंपनीच्या डब्यांवर 'क्यूलॉकर' नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर आलं. त्याने लोकांच्या फाइली पासवर्ड लावलेल्या सेव्हन-झिप गठ्ठ्यांत कोंडल्या आणि किल्लीसाठी ०.०१ बिटकॉइन मागितलं. मग जानेवारी २०२२ मध्ये त्याच जातीचं 'डेडबोल्ट'. या सगळ्यांत सापडले ते बहुतेक तुमच्यासारखेच लोक, ज्यांनी फोटो बाहेरून दिसावेत म्हणून दार उघडून ठेवलं होतं.

दार लागलं, आता डिस्ककडे येऊ.

तुमच्या दुसऱ्या फोटोतले आकडे मी चष्मा पुसून दोनदा वाचले. डिस्क १ : ८१,४१२ तास चालली आहे. म्हणजे सलग नऊ वर्षं आणि वर साडेतीन महिने. वीज गेल्याचे आणि तुम्ही गावाला गेल्याचे दिवस तेवढे सुटले. त्याच फोटोत खाली तक्ता आहे, त्यात दोनच ओळी बघायच्या. ५ क्रमांकाची ओळ सांगते की किती जागा खराब झाल्या आणि डिस्कने त्यांच्याऐवजी राखीव जागा वापरायला घेतल्या. तुमच्याकडे ४८. १९७ क्रमांकाची ओळ सांगते की किती जागा वाचता येत नाहीत आणि त्यांचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. तुमच्याकडे १६. डिस्क २ मध्ये दोन्हीकडे शून्य. ४८ हा आकडा वर्षभर ४८ च राहिला असता तर मी म्हटलं असतं, लक्ष ठेवा आणि चालू द्या. पण पंधरा दिवसांपूर्वीच्या तुमच्याच फोटोत तो २४ होता. दोन आठवड्यांत दुप्पट. ही डिस्क निघाली आहे.

आता तुम्ही बँकेतल्या, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. दोन डिस्कवर एकच गोष्ट लिहिली जाते याला लोक बॅकअप समजतात. तो कार्बन पेपर आहे. वर लिहाल ते खाली उमटतं. वर चूक केलीत तर खालीही तीच चूक, वर खाडाखोड केलीत तर खालीही. वरचा कागद फाटला तर खालचा हाती राहतो, एवढाच त्याचा उपयोग. पण पावतीपुस्तकच पुरात गेलं तर दोन्ही कागद गेले. दुसऱ्या शाखेत पाठवलेली प्रत ही वेगळी गोष्ट, आणि ती तुमच्याकडे नाही. दहा वर्षांत एकदाही नव्हती. सासऱ्यांची भजनं या घडीला जगात एकाच खोक्यात आहेत, आणि ते खोकं टीट-टीट करतंय.

म्हणून दुकानदाराला दोन्ही डिस्क बदलायला आज देऊ नका. त्याचा हेतू वाईट नाही, पण क्रम उलटा आहे. नवी डिस्क घातली की डबा जुन्या, उरलेल्या डिस्कचा कानाकोपरा वाचून नवीवर उतरवायला लागतो. ३ टीबीला आठ-दहा तास तरी जातात, तुमच्या डब्याच्या प्रोसेसरवर जास्तच. तुमची डिस्क २ ही डिस्क १ ची जुळी बहीण आहे. दोघी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, बहुधा एकाच पेटीतून आल्या आणि तेवढेच तास राबल्या. तिला नेमकं आत्ताच एवढ्या दगदगीला लावायचं, तेही दुसरी प्रत नसताना? नको.

त्याऐवजी या आठवड्यात २ टीबीच्या दोन यूएसबी डिस्क घ्या. वापरलेली जागा १.९ टीबी दिसतेय आणि मी दोन टीबीच का म्हणतोय, तर तुमचा पहिला फोटो बघा. फोटो ६१० जीबी, कॅसेट ७४ जीबी, जुन्या लॅपटॉपचे बॅकअप १७० जीबी, आणि 'मूव्हीज' नावाच्या फोल्डरमध्ये एक टीबीच्या वर. हे शेवटचं चिरंजीवांचं कर्तृत्व असावं. त्याची प्रत काढायची गरज नाही. ते सिनेमे गेले तर तो हळहळेल आणि दुसरे शोधेल.

यूएसबी डिस्क डब्याच्या मागच्या खाचेत लावा, डब्याच्याच सॉफ्टवेअरमधून फोटो आणि कॅसेटची फोल्डरं निवडा, कॉपी लावा आणि झोपा. फॉरमॅट विंडोजला वाचता येईल असा ठेवा, एनटीएफएस चालेल. म्हणजे उद्या डबा नसला तरी ती डिस्क कुठल्याही लॅपटॉपला लागेल. रात्री लावलंत तर सकाळच्या चहापर्यंत बहुतेक झालेलं असेल. लहान-लहान फोटो लाखभर असतील तर दुपार होईल. त्याआधी 'स्कॅन', 'दुरुस्ती' असलं कुठलंही बटण दाबू नका. झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या ताडून बघा, आणि एक २००४ चा फोटो, एक मधल्या वर्षाचा, एक भजन शेवटपर्यंत असं उघडून बघा. भजन शेवटपर्यंत ऐकाच. बँकेत रोकड मोजून घेतल्याशिवाय तुम्ही सही केली नसणार.

मग तीच कॉपी दुसऱ्या डिस्कवर. एक डिस्क तुमच्या कपाटात आणि दुसरी नदीपासून लांब, उंचावरच्या गावी. विट्याला वगैरे कुणी बहीण, मैत्रीण असेल तर तिच्या कपाटात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ आहे, हे सांगलीकराला मी सांगायला नको. विट्याला प्यायच्या पाण्याची चणचण असेल, पुराची नाही. पाडव्याला आणि दसऱ्याला जाल तेव्हा कपाटातली डिस्क न्यायची, तिकडची आणायची. फराळाच्या डब्यांची अदलाबदल होते तशी.

इथे माझी एक फजिती सांगतो, कारण ती तुमच्याकडे व्हायला नको. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या डब्यातली डिस्क १ बिघडली. मी ऐटीत डावीकडचा कप्पा ओढला. डावीकडून मोजायचं की उजवीकडून, याचा विचारच केला नाही. चांगली डिस्क बाहेर आली आणि आजारी आत राहिली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण काढलेली डिस्क मी लॅपटॉपला लावली. विंडोजने विचारलं, ही डिस्क फॉरमॅट करायची का? हे डबे आतून लिनक्सवर चालतात, त्यांच्या डिस्क विंडोजला वाचता येत नाहीत, म्हणून विंडोज त्यांना कोऱ्या समजतं. मी घाईत होतो, 'हो' म्हटलं. भाच्याच्या मुंजीचं चित्रण त्यात गेलं. बहीण अजून दर उन्हाळ्यात आठवण करून देते. तेव्हापासून प्रत्येक डिस्कच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार आकडे मी कागदी चिकटपट्टीवर लिहून कप्प्याच्या तोंडावर चिकटवतो. स्क्रीनवर कोणता अनुक्रमांक आजारी म्हणतात ते बघायचं, पट्टी बघायची, मगच हात लावायचा.

तर आता मूळ प्रश्न. डबा ठेवायचा की बदलायचा?

घरघर आणि केशरी दिव्यावरून हे ठरवू नका. पंखा घरघरला तर पंखा बदलता येतो, काही शे रुपयांचं काम. लाकडी पट्टीचं एक टोक डब्याच्या मागच्या जाळीपाशी टेकवा आणि दुसरं कानाला लावा. गॅरेजवाले इंजिनाला करतात तसं. सलग घरघर असेल तर पंखा, थांबून थांबून टक्-टक् असेल तर डिस्क. डबा अचानक बंद पडायला लागला तर आधी अॅडॉप्टरवर संशय घ्या. १२ व्होल्टचा तो काळा ठोकळा दहा वर्षं गरम राहून दमतो, आणि लोक त्याच्यापायी चांगला डबा भंगारात घालतात. डिस्क तर बदलण्यासाठीच असते. म्हणजे यंत्राचं म्हातारपण पुष्कळसं दुरुस्त होतं. सॉफ्टवेअरचं होत नाही, ते कंपनीच्या हातात असतं.

मी स्वतः एक हिशोब धरतो. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या साध्या डिस्कला सहसा तीन वर्षांची वॉरंटी असते. डब्याची अपडेट निदान तेवढा काळ येत राहणार असतील, तर डिस्क बदला आणि जुना डबा खुशाल चालवा. नसतील तर नव्या डिस्कवर घातलेला पैसा म्हणजे पडायला आलेल्या वाड्याला नवी कौलं. तुमच्या डब्याची अपडेट आधीच थांबली आहेत. म्हणून माझं उत्तर : नवा घ्या. पण प्रत काढून झाल्यावर, शांतपणे. महिना-दोन महिने लागले तरी हरकत नाही. तोवर डिस्क १ मेलीच तर डबा एका डिस्कवर चालेल, तुम्ही टीट-टीट बंद करून ठेवा, सेटिंगमध्ये बटण असतं.

रॅमचं सांगायचं तर तुमच्या मॉडेलमध्ये ५१२ एमबी रॅम मुख्य बोर्डावरच डाग देऊन बसवलेली आहे. ती वाढवता येत नाही. दुकानदाराला विचारा, कुठे घालणार? त्याचा चेहरा मला बघायला आवडेल.

फोटो हळू उघडतात त्याचा दोष मात्र डब्याला देण्याआधी एक प्रयोग करा, नाहीतर नवा डबा आणूनही तेच रडगाणं. लॅपटॉप राउटरला केबलने जोडा, साधारण १ जीबीचा एखादा व्हिडिओ डब्यातून लॅपटॉपवर घ्या आणि घड्याळ लावा. दहा-पंधरा सेकंदांत आला तर वायर आणि राउटर ठीक आहेत, डब्याचा प्रोसेसर थकलाय. दीड मिनिट लागलं तर कुठेतरी गाडी १०० एमबीपीएसवर अडली आहे. इंटरनेटवाल्याने जोडणीबरोबर दिलेल्या स्वस्तातल्या राउटरची पोर्टं बऱ्याचदा तेवढीच असतात, वर खोक्यावर वायफायचा वेग कितीही छापलेला असो. नाहीतर केबल : आठ तारांपैकी एखादी तुटली किंवा टोकाला नीट बसली नाही तर जोडणी मुकाट्याने १०० वर उतरते, कुठे तक्रार करत नाही. एका ओळखीच्यांकडे उंदराने कुरतडलेल्या केबलपायी नवा डबा आला होता. डब्याच्या नेटवर्कच्या पानावर १०० लिहिलंय की १०००, तेही दिसतं. तिथे १०० दिसलं तर आधी दुसरी केबल लावून बघा, आणि तरी तेच राहिलं तर राउटर बदला. काखेत कळसा आणि गावाला वळसा नको.

मुलीच्या लॅपटॉपवर डबा न दिसण्याचं कारण वेगळं. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तो फाइली वाटून घ्यायच्या एका जुनाट पद्धतीतल्या, एसएमबी१ मधल्या, भोकातून. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती पद्धत नव्या विंडोज १० मध्ये बंद ठेवायला सुरुवात केली. २०२४ च्या विंडोज ११ मध्ये आणखी कडक झालं : पासवर्ड न विचारता कुणालाही आत घेणाऱ्या डब्याशी ते सहसा बोलतच नाही. तुमचा डबा त्या जमान्यातला, 'गेस्ट'ला पायघड्या घालणारा. डब्यात मुलीच्या नावाने खातं आणि पासवर्ड करा, आणि फाइल-सेवेच्या सेटिंगमध्ये किमान एसएमबी२ निवडा. बहुतेक दिसू लागेल. यूट्यूबवर काही वीर लॅपटॉपमध्येच एसएमबी१ परत चालू करायला सांगतात. तो उपाय म्हणजे कडी लागत नाही म्हणून दारच काढून ठेवणं. मुलीला सांगून ठेवा.

यजमानांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. उलट ७४ जीबीच्या कॅसेट आजच गूगलवर किंवा तसल्याच ठिकाणी चढवा, १०० जीबीच्या छोट्या योजनेत मावतात. पाण्यापासून, चोरापासून, माझ्यासारख्या घाईबाज माणसापासून सुटका. पण सगळंच तिकडे न्यायचं म्हटलं तर दरमहा भाडं, आणि ते कधी थांबत नाही. गूगल फोटोजची फुकट, अमर्याद जागा १ जून २०२१ ला संपली तेव्हा भाडेकरू म्हणजे काय ते पुष्कळांना कळलं. शिवाय चढवायचा वेग ३० एमबीपीएस धरला तर तुमचे १.९ टीबी चढायला जवळजवळ सहा दिवस-रात्र लागतील, मध्ये एकदाही वीज न जाता. सांगलीत.

आणि चार कप्पे? ताई, तुमचा जपण्यासारखा ऐवज दहा वर्षांत ७०० जीबीही झाला नाही. ४ टीबीच्या दोन डिस्क तुम्हाला पुढची कितीतरी वर्षं पुरतील. चार कप्प्यांचा डबा मुलाला हवाय, सिनेमांसाठी. त्याला त्याच्या घरी घेऊ दे.

कदाचित मनात येईल, डबा तरी हवाच कशाला? फोटो फक्त तुम्ही बघत असता तर मी खरंच म्हटलं असतं की दोन यूएसबी डिस्क बस्स झाल्या. पण घरातल्या तिघांचे फोन रात्री आपोआप फोटो त्यात टाकतात, असं तुमच्या चौथ्या फोटोवरून दिसतं. माणसाच्या आठवणीवर सोपवलेली कॉपी दोन महिने होते, मग राहते. म्हणून डबा हवा.

नवा घेताना दुकानात चार गोष्टी विचारा. प्रोसेसर ६४ बिटचा आहे का आणि रॅम निदान २ जीबी आहे का. फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, प्रत्येक तुकड्याचा ताळा ठेवते का आणि 'स्नॅपशॉट' घेते का, कारण उद्या कुणी फाइली कोंडल्याच किंवा नातवाने फोल्डर पुसलं तर कालच्या स्थितीत परत जाता येतं. बीटीआरएफएस नाव दिसलं तर बहुतेक ते आहे. मॉडेल बाजारात कधी आलं तेही विचारा. दुकानात चार वर्षं पडून राहिलेला डबा स्वस्तात मिळाला तरी त्याच्या अपडेटची चार वर्षं खर्ची पडलेली असतात. आणि कंपनी कोणत्या डिस्क चालवून घेते. २०२५ मध्ये सिनॉलॉजी कंपनीने आपल्या नव्या 'प्लस' डब्यांसाठी आपल्या यादीतल्याच डिस्क चालतील असा कडक नियम केला होता, बरीच ओरड झाल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरात तो सैल केला. तेव्हा यादी बघितल्याशिवाय डिस्क घेऊ नका.

डिस्क सीएमआर प्रकारचीच घ्या, पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी. एसएमआर प्रकारात पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे एका जागी बदल केला की शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं, आणि डब्यात डिस्क बदलायची वेळ आली की ती गोगलगाय होते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच विकल्या जाणाऱ्या काही 'रेड' डिस्क अशा निघाल्या आणि खोक्यावर तसं लिहिलेलं नव्हतं. पुढे सीएमआरवाल्यांना 'रेड प्लस' नाव मिळालं. दोन डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून घ्या, पुन्हा जुळ्या बहिणी नकोत. बिल घ्या, आणि अनुक्रमांक कंपनीच्या साइटवर घालून भारतातली वॉरंटी दिसते का ते दुकानातच बघा. बाहेरून आलेल्या मालाला ती कित्येकदा नसते.

त्याच कंपनीचा डबा घेतलात तर जुन्या डिस्क नव्यात सरकवून सगळं जसंच्या तसं उभं करता येतं म्हणतात, आणि बहुतेक येतंही. तुम्ही ते करू नका. आजारी डिस्क नव्या घरात कशाला? शिवाय जुनी फाइल सिस्टीमही तशीच बरोबर येते. नव्या डिस्कवर कोरं सुरू करा आणि यूएसबीवरून भरा. मुलाला बाहेरून बघायचं असेल तर राउटरचं दार न उघडता, व्हीपीएनने, म्हणजे घरापर्यंतच्या खाजगी, कुलूपबंद वाटेने. तो जर्मनीत कॉम्प्युटरचंच काम करत असेल तर त्याला हे माहीत आहे, कंटाळा केलाय इतकंच.

विजेचंही एक बघा. घरी इन्व्हर्टर असेल तर वीज जाते-येते त्या क्षणी डबा बंद पडून परत चालू होतो का? होत असेल तर कॉम्प्युटरसाठी मिळतो तसला छोटा यूपीएस लावा, यूएसबीने डब्याशी बोलणारा, म्हणजे बॅटरी संपायच्या आत डबा स्वतःच नीट बंद होईल. राउटरसाठी मिळणारा तळहाताएवढा यूपीएस इथे चालत नाही. तो दोन-तीन अँपिअर देतो, आणि दोन डिस्क एकदम फिरायला लागल्या की त्याहून जास्त मागतात. आणि नवा डबा टीव्हीखाली तळमजल्यावर असेल तर वरच्या मजल्यावर न्या, दरवेळी कवटाळून पळायला नको.

जुना डबा टाकू नका. आजारी डिस्क काढा, चांगली आत ठेवा, इंटरनेट अजिबात देऊ नका, आणि महिन्यातून एकदा चालू करून नव्याची प्रत त्यात घ्या. बाकी दिवस विश्रांती. तुमच्यासारखाच निवृत्त, पण बोलावलं की येणारा. काढलेली डिस्क भंगारवाल्याला तशीच देऊ नका, वाचता येत नाही म्हणजे कुणालाच येत नाही असं नसतं. ड्रिलने आरपार दोन भोकं पाडा, मग ई-कचऱ्यात.

आणि हळद-कुंकू. अवश्य लावा, पण वरच्या झाकणावर, बोट ओलं करून. कोरडी चिमूट जाळीवर सोडलीत तर पंखा ती आत ओढतो आणि बारीक पूड धुळीबरोबर पात्यांवर बसते. तुमच्या पाचव्या फोटोत मागच्या जाळीवर जे पिवळट दिसतंय ते मी आधी गंज समजलो होतो. डबा बंद करून मऊ ब्रशने काढा, कदाचित घरघर तिथेच निम्मी होईल. झेंडूचं फूल समोर ठेवा, मागे पंख्यापाशी नको.